सिक्कीमची आमरी आणि बोईसरचे ऊन

बोईसरला आमच्या वाचनवर्गाला एक मावशी येतात. त्यांचा मुलगा फौजेत आहे. तीन वर्षांपूर्वी तो सिक्कीममध्ये होता. रजेवर घरी येताना त्याने गंगटोकहून आईसाठी एक फुलझाड आणले. गवतासारखी लांब, हिरवीगार पाने. पानांतून वर आलेला एक दांडा. आणि दांड्यावर अकरा फुले. फिकट पिवळी, जणू मेणाची केलेली. आगगाडीचा एवढा प्रवास करूनही फुले ताजी होती. घरी आल्यावरही ती महिनाभर टिकली. सगळी चाळ बघायला आली.

पुढे फुले गळली. मावशींनी विचार केला, एवढे गुणी झाड, त्याला माती चांगली हवी. त्यांनी तांबडी माती आणली, तीत शेणखत मिसळले, झाड मोठ्या कुंडीत लावले आणि पत्र्याच्या पडवीत ठेवले. सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागल्या. एप्रिल लागला तशी पाने पिवळी पडली. मे महिन्यात ती बुंध्याशी काळी होऊ लागली. एके दिवशी धडा चालू असताना मावशी मध्येच म्हणाल्या, "माझ्या लेकानं आणलेलं झाड मरायला लागलंय. तुमच्या पुस्तकात त्याचं काही लिहिलंय का?"

पुस्तकात काही नव्हते. म्हणून हा धडा लिहिला आहे.

झाडाचे कूळ

मावशींच्या झाडाचे नाव सिंबिडियम. ते आमरीच्या कुळातले. इंग्रजीत या कुळाला ऑर्किड म्हणतात, आणि बाजारातही हेच नाव चालते. भारतात आमरीच्या बाराशेहून जास्त जाती आहेत. आपल्या महाराष्ट्रातही शंभरावर आहेत. तेव्हा हे कूळ आपल्याला परके नाही. कोकणच्या आणि सह्याद्रीच्या रानात मे-जूनमध्ये जुन्या झाडांच्या फांद्यांवरून पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे लांब तुरे लोंबतात. त्याला आपण सीतेची वेणी म्हणतो. तीही आमरीच. आसामात हेच फूल बिहूच्या सणात बाया केसांत माळतात. तिकडे त्याला कपौ फूल म्हणतात, आणि ते त्या राज्याचे फूल आहे.

पुष्कळ लोक झाडावरची आमरी पाहून म्हणतात, "हे बांडगूळ. काढून टाका, नाहीतर आंबा वाळेल." हा गैरसमज आहे. बांडगूळ आपली मुळे फांदीच्या आत घुसवते आणि आंब्याचा रस पिते. आमरी तसे करत नाही. ती फांदीवर नुसती बसते. पक्षी बसतो, तशी. तिची मुळे सालीवरून पसरतात, पावसाचे पाणी आणि सालीवर साठलेला पालापाचोळा यांवर ती जगते. आंब्याचे किंवा चिकूचे ती काही घेत नाही. वाडीतल्या झाडावर आमरी दिसली तर कोयता लावू नका.

आमरीचे मूळ हातात घेऊन पाहण्यासारखे असते. त्यावर पांढरी, स्पंजासारखी जाड साल असते. पाणी पडले की ही साल ते टिपकागदासारखी शोषून घेते. मूळ कोरडे असले की चंदेरी-पांढरे दिसते, भिजले की हिरवे होते. म्हणजे पाणी कधी घालायचे हे मूळच सांगते. पांढरे दिसले तर तहान लागली आहे, हिरवे असेल तर थांबा. अशा मुळाला पाणी हवे, तशी हवाही हवी. आता मावशींनी काय केले ते आठवा. त्यांनी ही मुळे मातीत आणि शेणखतात दाबली आणि दोन वेळा पाणी घातले. मुळे गुदमरली आणि कुजली. मुळेच नाहीत तर पानांना पाणी कोण पोचवणार? पाने पिवळी पडली ती तहानेने. मावशींना वाटले पाणी कमी पडते, म्हणून त्यांनी आणखी घातले.

पण मातीची चूक दुरुस्त होते. खरी अडचण दुसरीच होती. ते झाड थंड मुलखातले होते.

गारवा कशाला हवा

डोंगर चढत गेले की हवा गार होते. हजार मीटर उंच गेले की उष्णता साधारण सहा ते साडेसहा अंशांनी उतरते. आपल्या अंगाची उष्णता सदतीस अंश असते, यावरून अंशाचा अंदाज घ्या. बोईसर समुद्राजवळ, जवळजवळ समुद्राच्याच उंचीवर आहे. जव्हार साडेचारशे मीटरच्या आसपास. म्हणून जव्हारला आपल्यापेक्षा थोडे गार वाटते. गंगटोक तर सोळाशे मीटरच्या वर, आणि हिमालयाच्या कुशीत.

आता झाडाचे बघा. झाड दिवसा उजेडात अन्न तयार करते. रात्री ते अन्न तयार करू शकत नाही, पण त्याचा श्वास चालूच असतो, आणि श्वासाला अन्न खर्च होते. रात्र गार असली तर खर्च कमी. रात्र गरम असली तर खर्च जास्त. दिवसाची मजुरी आणि रात्रीचा खर्च, असा हा हिशेब आहे. आपल्याकडे उकाड्याच्या रात्री डोंगरातल्या झाडाची सगळी कमाई खर्चात जाते. शिल्लक काही उरत नाही. शिल्लक नाही तर नवा कोंब येत नाही.

फुलाची गोष्ट आणखी वेगळी. सिंबिडियमला फूल धरण्यासाठी खूण लागते. उन्हाळा संपल्यावर काही आठवडे रात्री दहा ते चौदा-पंधरा अंशांपर्यंत उतरल्या, आणि दिवस उबदार उजेडाचे असले, की त्याला कळते, आता दांडा काढायचा. गंगटोकला नोव्हेंबरच्या रात्री अशा असतात. बोईसर-तारापूरला ऑक्टोबरात रात्रीसुद्धा पारा बावीस-तेविसाच्या खाली सहसा जात नाही. जानेवारीत पहाटे तो सोळा-सतरापर्यंत येतो, पण थोडेच दिवस आणि उशिरा. म्हणून बाजारातून फुलांसकट आणलेले सिंबिडियम आपल्याकडे पुन्हा फुलत नाही. विकणारा हे सांगत नाही. त्यालाही कदाचित ठाऊक नसते.

अशी चूक आपणच करतो असे नाही. मोठमोठ्या लोकांनीही ती केली, फक्त उलटी. जोसेफ हूकर नावाचे एक इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ होते. १८५० साली ते आजच्या मेघालयातल्या खासी डोंगरांत हिंडत होते. तिथे त्यांना निळ्या फुलांची आमरी दिसली. तिला निळा वांडा म्हणतात. त्यांच्या मंडळींनी सात माणसांच्या डोक्यावरचे ओझे होईल एवढी झाडे गोळा केली आणि लंडनच्या बागेसाठी रवाना केली. जिवंत पोचली ती मोजकीच. त्या काळात इंग्लंडात लोकांची समजूत अशी, की आमरी म्हणजे गरम देशातले झाड. म्हणून ते तिला काचेच्या बंद खोलीत भट्टीची ऊब देऊन ठेवीत. डोंगरावरच्या थंड, मोकळ्या हवेतली झाडे त्या कोंडलेल्या वाफेत पटापटा मरत. थंड मुलखातल्या आमरीला गार आणि खेळती हवा हवी, हे पुष्कळांच्या ध्यानात यायला १८६० च्या पुढचा काळ उजाडला. झाड कुठून आले हे त्यांनी आधी विचारले नाही. निळा वांडा आज रानात इतका थोडा उरला आहे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे.

माठाची परीक्षा

आता प्रश्न असा, की आपण गारवा तयार करू शकतो का? काही प्रमाणात करू शकतो. त्याचा जिन्नस प्रत्येकाच्या घरात आहे: पाण्याचा माठ.

माठातले पाणी गार का होते? माठाच्या अंगातून पाणी पाझरते, बाहेर येऊन सुकते, आणि सुकताना उष्णता घेऊन जाते. घामेजलेल्या अंगाला वारा लागला की गार वाटते, तेही यामुळेच. पण पाणी सुकायला हवा कोरडी पाहिजे. हवा आधीच ओली असेल तर पाणी सुकणार कसे? म्हणून मार्चमध्ये माठ गारेगार असतो, आणि जुलैत त्याचे पाणी कोमट लागते.

झाडाला हाच नियम. विक्रमगड किंवा वाड्याकडे मार्चच्या दुपारी हवा छत्तीस अंश गरम आणि चांगली कोरडी असेल, तर ओल्या फडक्याभोवतीची हवा तेवीस-चोवीसपर्यंत उतरू शकते. तारापूरच्या किनाऱ्यावर मे महिन्यात हवा चौतीस अंश असते, पण समुद्रामुळे दमट. तिथे ओले फडके एकोणतीसच्या खाली जात नाही. गोणपाट तेच, पाणी तेच, पण एका गावी उपयोग होतो आणि दुसऱ्या गावी होत नाही. तेव्हा शेजाऱ्याने सांगितले म्हणून करू नका. आधी आपला माठ बघा. माठ गार होतो आहे, त्या दिवसांत ओल्या गोणपाटाचा उपयोग होईल. होत नसेल तर पाणी आणि मेहनत वाया जाईल.

ज्यांना नेमके पाहायचे त्यांनी भिंतीवर लावायचे दोन साधे तापमापक आणावेत. एकाच्या खालच्या टोकाला सुती चिंधी गुंडाळावी आणि चिंधीचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. दोन्ही सावलीत, वाऱ्यावर टांगावेत. ओल्या चिंधीचा आकडा आणि कोरडा आकडा यांत दहा-बारा अंशांचा फरक असेल तर हवा कोरडी. तीन-चार अंशांचाच असेल तर दमट. आमच्या वर्गातल्या मुलींनी हे महिनाभर रोज लिहून ठेवले. आकडे वाचायची सवय झाली ती वेगळीच.

आपल्या भागात वाऱ्याचेही भान ठेवावे लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी वारा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून येतो. तो कोरडा असतो. दुपारनंतर तो पालटतो आणि समुद्राकडून येऊ लागतो. तो दमट आणि खारा. झाडाचे पाणी ओढून नेतो तो सकाळचा वारा. म्हणून ओले गोणपाट पूर्वेच्या बाजूला, झाडापासून हातभर अंतरावर टांगावे. वाळ्याचा पडदा मिळाला तर अधिक चांगले. तो लवकर सुकत नाही आणि घरातही वास छान येतो.

गोणपाटाखेरीज आणखी एक सोपी गोष्ट आहे. मोठी परात घ्या. तिच्यात जाड वाळू किंवा विटांचे तुकडे पसरा आणि पाणी घाला. कुंडी त्यावर ठेवा, मात्र कुंडीचे बूड पाण्यात बुडता कामा नये. चार-पाच झाडे जवळजवळ ठेवली की त्यांच्याभोवतीची हवा ओलसर राहते. ओलसर हवा आणि गार हवा एक नव्हे, हे मात्र विसरू नका. परातीने झाडाची तहान कमी होते. ऊन कमी होत नाही.

आणि एक गोष्ट, जी फार थोडे लोक करतात. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते. अशा रात्री कुंड्या पत्र्याखालून काढून उघड्यावर ठेवा. पत्रा, भिंत आणि फरशी दिवसाची उष्णता रात्रभर सोडत राहतात. उघड्या आकाशाखाली पाने आसपासच्या हवेपेक्षाही गार होतात. दव पडते ते म्हणूनच. पैसा लागत नाही, वीज लागत नाही. सकाळी ऊन चढायच्या आत कुंड्या पुन्हा सावलीत आणायच्या. तेवढी आठवण मात्र हवी.

मावशींचे झाड

आम्ही मावशींकडे गेलो आणि झाड उपटले. मुळे बघण्यासारखी नव्हती. तपकिरी, पोकळ, दाबली तर ओल्या कागदासारखी. पांढरी, टणक अशी जेमतेम सात-आठ उरली होती. सुरीचे पाते चुलीवर तापवून निवू दिले आणि कुजलेली मुळे कापून टाकली. झाड दिवसभर सावलीत तसेच ठेवले, म्हणजे कापलेल्या जागा सुकतील. मावशींना ते बघवेना. "उघडं पडलंय बिचारं," त्या म्हणाल्या.

मग भांडे. कुंभाराकडून मडके आणले, भाजण्यापूर्वीच त्याच्या अंगाला बोटभर भोके पाडून घेतलेले. त्यात माती अजिबात नाही. नारळाच्या सोडणाचे सुपारीएवढे तुकडे, लाकडी कोळसा आणि जुन्या कौलांचे तुकडे. सोडण तसेच वापरू नये. त्यात क्षार असतो आणि तुरट लाल रसही. तीन-चार दिवस पाण्यात भिजत घालावे, रोज पाणी बदलावे. पाणी फारसे लाल होईना झाले की ते वापरायला तयार झाले. झाड जुन्याच भांड्याएवढे मोठे भांडे मागत नाही. मुळे जेमतेम मावतील एवढे भांडे पुरे. मोठ्या भांड्यात ओल राहते आणि पुन्हा तेच दुखणे.

जागा बदलली. पत्र्याची पडवी सोडली आणि मडके चाळीच्या पूर्वेच्या ओटीवर नेले. तिथे सकाळचे कोवळे ऊन येते, दहानंतर सावली. वरून हिरवी जाळी बांधली. उजेड पुरतो की नाही हे पाने सांगतात. पाने गडद हिरवी आणि लुळी झाली तर उजेड कमी. पिवळट झाली तर जास्त. पोपटी हिरवी असली म्हणजे ठीक. पाणी सकाळी, तेही मूळ पांढरे दिसले तरच.

जून-जुलैत झाड सावरले. तरी सप्टेंबरात एक नवीच खोड दिसली. मडक्याच्या कडेला पांढरे पुटकुळे जमले होते आणि पानांची टोके जळल्यासारखी काळी. मावशी म्हणाल्या, "आता काय झालं?" आम्ही विचारले, "पाणी कुठलं घालता?" म्हणाल्या, "बोअरचं." जीभ लावून पाहिले तर पाणी मचूळ होते. खाडीजवळच्या पुष्कळ गावांत विहिरी-बोअरचे पाणी असेच असते. माणूस त्याने कपडे धुतो, भांडी घासतो. आमरीच्या मुळाला ते चालत नाही. रानात ती आयुष्यभर पावसाचेच पाणी पिते.

पावसाचे पाणी आपल्याकडे कमी आहे का? दहा चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होते. दोनशे लिटरचे पिंप भरायला एक चांगली सर पुरते. दहा कुंड्यांना रोज दोन लिटर धरले तरी एक पिंप शंभर दिवस जाते. पहिल्या दोन पावसांचे पाणी सोडून द्या, त्यात पत्र्यावरची धूळ आणि काजळी असते. पिंपाचे तोंड जाड फडक्याने घट्ट बांधा, नाहीतर त्यात डास होतील आणि फुलापायी घरात डेंग्यू येईल. पिंप संपले तर आणखी एक पाणी आहे. दुकानांतल्या, कचेऱ्यांतल्या थंड हवेच्या यंत्रातून जे पाणी बाहेर ठिबकते, त्यात क्षार जवळजवळ नसतो. मावशींचा भाचा कारखान्याच्या कचेरीत झाडलोट करतो. तो आता बाटली भरून आणतो. लोक हसतात, पण पाणी चांगले असते.

खत थोडे. बाजारात एकोणीस-एकोणीस-एकोणीस नावाचे विरघळणारे खत मिळते. एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, झाड वाढत असेल तेव्हाच. चिमटीत मावेल एवढे. जास्त दिले तर ते क्षारच होते. शेण नको.

पावसाळ्यात उलट काळजी. तेव्हा झाडाला पाणी घालायचे नाही, झाडाला पाण्यातून वाचवायचे. सतत भिजत राहिले की कोंब कुजतात. वर आडोसा असावा आणि चारी बाजूंनी वारा. गोगलगायी रात्री येतात आणि कोवळ्या मुळांची टोके खातात. बॅटरी घेऊन वेचून काढाव्या.

मग लावायचे तरी काय

आमचे स्पष्ट मत आहे, की बोईसर, पालघर, डहाणूच्या माणसाने पैसे देऊन सिंबिडियम घेऊ नये. नोबिली डेंड्रोबियमही घेऊ नये. ते सिक्कीमचे राज्यफूल, दिसायला फार सुंदर. पण त्याला हिवाळ्यात थंडी आणि कोरडी विश्रांती लागते. ती नाही मिळाली आणि आपण मायेने पाणी घालत राहिलो, तर फुलांच्या जागी पिल्ले फुटतात. झाड भरते, फूल येत नाही. भेट आलेले असेल तर सांभाळा. हिवाळ्यात पाणी जवळजवळ तोडा, रात्री उघड्यावर ठेवा. एखादे वर्षी थंडी बरी पडली तर दोन-चार फुले दिसतीलही. भरवसा धरू नका.

ज्यांना आपली हवा मानवते अशा आमरी पुष्कळ आहेत. बाजारात हारा-गुच्छांत जांभळी-पांढरी फुले दिसतात, ती बहुधा सोनिया नावाच्या डेंड्रोबियमची. ते गरम मुलखातले झाड. हिरव्या जाळीखाली, समुद्रकाठच्या हवेत ते छान वाढते. वांडा तर उघड्या मुळांनी टांगला तरी जगतो, मात्र कोरड्या दिवसांत रोज पाणी शिंपडावे लागते. फॅलेनॉप्सिस नावाचे, फुलपाखरासारख्या फुलांचे एक झाड आहे. त्याला थोडाच गारवा पुरतो. आपल्या डिसेंबर-जानेवारीच्या रात्री त्याला दांडा काढायची खूण देतात. त्याच्या पानांच्या मध्यात, सुरईच्या तोंडासारख्या जागी, रात्री पाणी साठू देऊ नका. तिथून ते कुजते. या तिन्ही झाडांची पाने जाड असतात. अशी झाडे दिवसा पानांची भोके मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणून कोरड्या दुपारी त्यांचे पाणी फारसे उडत नाही.

सिंबिडियमच हवे असे ज्यांना वाटते, त्यांनी गरम मुलखातले सिंबिडियम शोधावे. त्याच्याही जाती आहेत. त्यांच्या फुलांचे घोस वर येत नाहीत, खाली लोंबतात. फुले लहान आणि तांबूस असतात. दुकानात पटकन मिळत नाहीत, विचारून ठेवावे लागते.

रोप घेताना रोपवाटिकेत एकच प्रश्न विचारा: "हे झाड कुठलं, डोंगरातलं की सखल भागातलं?" उत्तर देता आले नाही तर दुसरीकडे जा. डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. शेती-बागेचे प्रश्न तिथे विचारता येतात. रानातून मात्र आणू नका. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. एका बोंडात ते लाखांनी असते, पण त्याच्याजवळ शिदोरी नसते. एक विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रुजते, आणि रुजल्यापासून फूल यायला वर्षे जातात. एक सीतेची वेणी ओरबाडली तर तिच्या जागी दुसरी केव्हा येईल, सांगता येत नाही. आपल्या वाडीत वादळाने फांदी मोडून पडली आणि तिच्यावर आमरी असली, तर ती सोडवून काथ्याने दुसऱ्या झाडाच्या सालीला बांधा. पावसाळ्याच्या तोंडाला बांधली तर महिन्या-दोन महिन्यांत मुळे धरते.

मावशींच्या ओटीवर आता चार मडकी आहेत. एकात फॅलेनॉप्सिस, त्याने या फेब्रुवारीत नऊ फुले दिली. दोनांत डेंड्रोबियम. चौथ्यात लेकाचे सिंबिडियम. त्याला सात नवे कोंब आहेत, पाने पोपटी, टवटवीत. फूल आलेले नाही. येणार नाही, हे मावशींना आम्ही सांगितले आहे, त्यांनाही पटले आहे. मार्च लागला की त्या अजून सकाळी उठून आधी माठाला हात लावतात, मग गोणपाट भिजवतात.

परवा मुलाचा फोन आला. त्याने विचारले, "आई, झाडाला फूल आलं का?"

मावशी म्हणाल्या, "झाड बरं आहे. फूल तू तिकडंच बघ, आणि फोटो पाठव."